वहीत मेलेला जुळारी

रामघाट, काशी
ता. ३ नोव्हेंबर १९२३

ती. अंबिकाक्कास,
वेणीमाधवचा शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. भाऊजींची कंबर सुधारली हे वाचून बरं वाटलं. कोर्टात तासन् तास उभं राहून जी दुखत नाही आणि घरी पाट उचलताना दुखते, अशी कंबर वकिलालाच मिळते.

छापखान्यात पंचांगाची घाई आहे, दिवाळी चार दिवसांवर, आणि आज सकाळी मी माझा सर्वांत चांगला जुळारी काढून टाकला. विष्णु गद्रे नाव. आठ महिने होता. अक्षरं जुळवताना त्याच्या हातातून शिशाचे खिळे पडायचे तो आवाज इतका एकसारखा, की बैठकीत बसल्या बसल्या मला कळायचं, हे पान शुद्ध निघणार. खिळे धुण्यापासून वर आलेला माणूस मी, एवढं ऐकू येतं. त्याला मुख्य करून किल्ल्या हवाली करायचं ठरलं होतं. पण त्याआधी माणूस कुणाचा कोण ते बघायला नको? स्वतःला आपल्या वाईचा म्हणवतो. मला गाव सोडून तीस वर्षं झाली, नवी माणसं मला कुठली ठाऊक. म्हणून काशीत आम्ही जे करतो तेच केलं. वाईकरांच्या तीर्थोपाध्यायांकडे जाऊन वही काढवली. यात्रेला आलेला प्रत्येक यजमान तीत आपल्या हातानं घरची माणसं लिहून जातो.

गद्र्यांचं पान निघालं. चार वर्षांपूर्वी रामकृष्णपंत गद्रे गयेला जाताना इथं उतरले होते. त्यांच्याच अक्षरात लिहिलंय, मुलगा विष्णु, मृत, पिंडदान केले. खाली सही.

मग माझ्याकडे आठ महिने बसला तो कोण? मेलेल्याचं नाव लावून फिरणाऱ्याच्या हातात किल्ल्या द्यायच्या? कामावर आला तसा पायरीवरूनच परत पाठवला. कारण सांगितलं नाही. सांगितलं तर असली माणसं दुसरी गोष्ट रचून आणतात. तो गेला.

तू एकदा गद्र्यांकडे जाऊन खरा विष्णु कशानं गेला तेवढं विचारून घे. माझी खात्री आहे, तरी मामला पक्का झालेला बरा.

भाऊजींना नमस्कार. आठवण ठेव.

तुझा
वेणीमाधव

वाई
ता. १० नोव्हेंबर १९२३

चि. वेणीमाधवास अ. आ.

आज भाऊबीज. तुझ्या नावानं चंद्राला ओवाळलं. तो काही बोलत नाही, हा त्याचा तुझ्याहून मोठा गुण.

तुझं पत्र मी मोठ्यानं वाचलं, तेव्हा इकडून पेला खाली ठेवणं झालं आणि उलटतपासणी सुरू झाली. आरोप काय? तो त्याला सांगितला का? त्याचं उत्तर ऐकलं का? मी म्हटलं, पत्रात तर तसं काही नाही. इकडचं म्हणणं असं. महिन्याच्या बोलीवर ठेवलेला माणूस नको असेल तर महिनाभर आधी सांगावं, नाहीतर महिन्याचा पगार द्यावा. आजच्या आज काढायचा तर मोठा गुन्हा हवा, आणि उद्या त्यानं दावा लावला तर तो शाबीत करणं तुझ्याकडे येईल. तुझ्याजवळ पुरावा काय, तर वहीतली एक ओळ. ती खरी की खोटी, हे ज्याला पहिल्यांदा विचारायचं त्यालाच तू दारातून परत पाठवलंस. चौकशी जरूर करावी, पण कामावर घेण्याआधी, आणि त्याला सांगून.

हा झाला कायदा. माझं सांगणं एवढंच, की त्याला परत बोलाव. ऐन दिवाळीत काढलास रे. मी तुळशीच्या लग्नाला गद्र्यांकडे जाऊन येते.

जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी
अक्का

रामघाट, काशी
ता. १५ नोव्हेंबर १९२३

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

भाऊजींचा कायदा पुस्तकात शोभतो. छापखाना मला चालवायचाय.

शिवाय मी गप्प बसलेलो नाही. मंगला गौरीच्या देवळापाशी तो खोली घेऊन राहतो. त्याच्या मकान-मालकिणीला जाऊन सांगितलं, चाची, तुमचा भाडेकरू खोट्या नावाचा आहे, मग बरोबरची बाई तरी त्याची कशावरून? दोन छापखान्यांतही सावध करून आलो. चाचीशी बोलत होतो तेव्हा आतून भांडी घासल्याचा आवाज येत होता. मध्येच तो थांबला. म्हणजे बाई ऐकत होती. ऐकू दे.

पंचांगात चुका फार निघताहेत. भाऊजी रागावले असतील तर समजूत घाल.

तुझा
वेणीमाधव

वाई
ता. २० नोव्हेंबर १९२३

वेणीमाधवा, अ. आ.

काल गद्र्यांकडे गेले. तुझ्याकडच्या विष्णुचं नाव काढताच त्याची आई सीताकाकू मला तुळशीपाशी घेऊन गेली आणि मंगलाष्टकांच्या गलबल्यात कानाशी म्हणाली, तो मेलेला नाही.

चार वर्षांपूर्वी त्यानं कालिंदी नावाच्या विधवा मुलीशी लग्न केलं. रामकृष्णपंतांनी जिवंतपणी त्याचं श्राद्ध घातलं, आणि तेवढ्यानं भागेना म्हणून काशीला येऊन तुमच्या त्या वहीतही तो मेला असं लिहिलं. घरात त्याचं नाव काढायची बंदी आहे. ती दोघं काशीला आली ती तिथं आपल्याला कुणी ओळखत नाही म्हणून.

सीताकाकूनं मला विचारलं, तुझ्या भावाकडे आहे ना तो, जेवतो का वेळेवर? मी हो म्हणून मान हलवली. देव मला क्षमा करो.

हे पत्र वाचलंस की हातातलं काम टाक आणि जा. उत्तर नंतर लिही.

अक्का

रामघाट, काशी
ता. २८ नोव्हेंबर १९२३

ती. अक्कास शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र हातात तसंच धरून गेलो. खोलीत दुसरं बिऱ्हाड होतं. मी बोलून आलो त्याच संध्याकाळी चाचीनं त्यांचं सामान गल्लीत काढलं होतं. मी सावध केलेल्या दोन्ही छापखान्यांत तो काम मागायला जाऊन आला होता. दोन्हीकडे त्याला माझं नाव सांगून परत पाठवलं.

तीन दिवस धर्मशाळा पालथ्या घातल्या. काल सकाळी पंचगंगा घाटाच्या पायऱ्यांवर दोघं दिसली, पेटी घेऊन नावेची वाट बघत बसलेली. मी गेल्या गेल्या हात जोडले. वहीची सगळी हकीकत सांगितली. चूक माझी, असं म्हणालो. भाऊजी म्हणतात तो महिन्याचा पगार पुढे केला, किल्ल्याही पुढे केल्या. चाचीकडे, छापखान्यांत, सगळीकडे जाऊन माझे शब्द मागे घेतो म्हणालो. त्यानं पगाराला हात लावला नाही, किल्ल्यांकडे बघितलं नाही. कालिंदीबाई पाण्याकडे तोंड करून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, शब्द मागे घ्यायला तुम्हाला आमचं सगळं सांगावंच लागेल. तेव्हा राहू द्या.

नाव लागली. विष्णुनं पेटी उचलली आणि माझ्याकडे वळला. रागावलेला नव्हता, अक्का. रागावला असता तर मी धरून ठेवला असता. म्हणाला, “मालक, आबांनी माझं श्राद्ध घातलं. पण त्याआधी त्यांनी मला समोर बसवून सबंध दुपारभर माझं ऐकून घेतलं होतं.”

नाव पलीकडे रामनगरकडे गेली. सीताकाकूंना काय सांगायचं ते मला सुचत नाही. तुला सुचलं तर कळव.

तुझी माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझा
वेणीमाधव