वैद्याची खोडी

मास्तर, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मागच्या रविवारी माझ्या घरच्या टेबलावर तुमची तालीम आठवली. ब्रह्मपुरीत माझं मोटारपंप दुरुस्तीचं दुकान आहे, वर घर. पंप सुरू केला की बेअरिंग गेलं का वायंडिंग जळलं, ते मी न उघडता सांगतो. पोरीच्या बाबतीत कान चालतात, हात चालत नाहीत. ती पुण्याचं शिक्षण अर्ध्यात टाकून आली तेव्हापासून घरात "हो" आणि "नाई", एवढंच. फक्त रविवारी दुपारी तीन मैत्रिणी आल्या की तासभर तिचा मूळचा आवाज ऐकू येतो.

त्या एक खेळ खेळतात. पोरगी गोष्ट सांगते, बाकीच्या गोष्टीतली पात्रं होतात. एक योद्धा, एक चोर, एक वैद्य. काही करायचं ठरवलं की वीस बाजूंचा फासा टाकायचा. आकडा मोठा पडला तर जमलं. मी शेजारच्या खोलीत पेपर धरून ऐकतो. लढाई कमी, खोड्याच जास्त. चोर झालेली दिवाणजीची पगडी लांबवते, योद्धा झालेली दोन भांडखोर मल्लांना एकाच खाटेला बांधते. मागच्या रविवारी वैद्य झालेली सिंदेवाहीहून आली नाही. "काका, तिच्या जागी तुम्ही बसा ना," एकीनं हाक मारली. पोरीनं खुर्ची सरकवली. मला तेवढं पुरे होतं.

आणि मी माती खाल्ली. पोरगी हसावी म्हणून वेशीवरच्या पहारेकऱ्याचा खिसा कापला, मग त्याचे जोडे पळवले. मैत्रिणी खिदळल्या. पोरीनं पेन्सिल खाली ठेवली. "बाबा, चोरीच करायची होती तं चोर व्हायचं होतं. तुमी वैद्य आहा." मग सगळ्यांना म्हणाली, "राहू द्या आज." तिचा आठवड्यातला तो एक तास, आणि तोच मी मोडून राहिलो होतो.

तेव्हा तुम्ही आठवलात. मंडईच्या जत्रेतल्या नाटकाची तालीम, शाळेचा व्हरांडा, भर दुपार. मी प्रधान आहे. जोकर पडला की पोरं हसतात, म्हणून मीही धडपडतो. तुम्ही पेटी थांबवता. "अबे, तू परधान आहेस का जोकर? खोडी नोको करू, असं म्हणून नाई राह्यलो मी. पन परधानाची कर! परधान राजाच्या कानात बोलते, कोलांट्या नाई मारत." सगळ्यांपुढे बोललात. कान तापले होते माझे.

"थांब," मी पोरीला म्हटलं. "जोडे परत दिले. आता त्या पहारेकऱ्याची नाडी पाहतो." पोरीनं पहारेकऱ्याचा जाडा आवाज काढून हात पुढे केला. मी गंभीर. मान दुखते का? दुखते. उभं राहून राहून? हो ना वैद्यबुवा. जीभ दाखवा. तिनं दाखवली. म्हटलं, तासभर उजवीकडे पाहायचं नाही, बोलायचं तर मुळीच नाही, मान जायबंदी होईल. आमचा योद्धा आणि चोर त्याच्या उजवीकडूनच वेशीत शिरणार होते. फासा टाकला, सतरा. पोरगी मान डावीकडे वळवून, जीभ बाहेर काढून तशीच बसली, आणि मग असं हसू फुटलं तिला की टेबल हललं.

चोरावर नजर ठेवता येते हो. वैद्यापुढे माणूस आपणहून जीभ काढतो. म्हणून त्याला खोडी जास्त जपून करावी लागते. पहारेकऱ्याच्या मानेला आराम मात्र खरंच पडला पाहिजे. पोरीनं तसं जाहीरही केलं, "मान बरी झाली त्याची."

मैत्रिणी गेल्यावर ती स्वयंपाकघरात आपणहून आली. चहा ठेवला. पुण्याचं थोडं बोलली, मी विचारलं नव्हतं. मग म्हणाली, "बाबा, हे कोणी शिकवलं तुमाले?" मी म्हटलं, असंच सुचलं. तुमचं नाव घेतलं असतं तर पुढचा प्रश्न होता, नाटक काऊन सोडलं? आणि घरात मी आजवर सांगत आलोय की तुम्ही मला नाटकातून काढलं. तुम्ही काढलं नव्हतं, मास्तर. त्या तालमीच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः सायकलवर मला न्यायला आमच्या दारात आला होता. मीच मागच्या दारानं शेतात निघून गेलो.