कुर्ल्यांची सोयरी

आई, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तोवर मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. आता लिहिते आहे, तू जाऊन वीस वर्षं उलटल्यावर.

गोवा राज्य झालं त्या वर्षी मी पणजीला कॉलेजात होते. सरांनी सुट्टीत काम दिलं होतं: किनाऱ्यावरचे बिनकण्याचे प्राणी गोळा करायचे आणि कोण कोणाच्या कुळातलं ते पुस्तक न उघडता, कारणासकट तक्त्यावर मांडायचं. खडकाला चिकटलेली ती पांढरी, पाय कापणारी बार्नॅकल मी बेधडक शिंपल्यांच्या घरात टाकली. वर कवच दिसत होतं, आणखी काय हवं? तू तिसऱ्या, त्या कालवणाच्या शिंपल्या, निवडत बसली होतीस. मान वर न करता म्हणालीस, "हीं शिंपयांतलीं न्हय गो बाय. कुर्ल्यांचीं सोयरीं." खेकड्यांची सोयरी? तुला यातलं काय कळतंय, म्हणून मी फिसकारले. दुसऱ्या दिवशी ओहोटीला जाऊन एक धोंडाच उचलून आणलास आणि खाऱ्या पाण्याच्या टोपात ठेवलास. थोड्या वेळाने पाहते तो कवचांची तोंडं उघडतात, आतून सांध्यासांध्यांचे बारीक पाय बाहेर येतात, पाणी ओढू लागतात. पुढे दोन दिवसांनी पाण्यावर पातळ सालं तरंगताना दिसली. कुर्ली टाकते तशी कात. मी मुकाट्याने तक्ता बदलला.

सुट्टी संपल्यावर सर अख्खा वर्ग घेऊन आपल्या गावी, केरीच्या किनाऱ्यावर आले. माझा तक्ता पाहून खूश झाले, बार्नॅकल कुर्ल्यांच्या कुळातली हे कोणाच्या लक्षात आलं म्हणून विचारलं. तू चार हातांवर गुडघाभर पाण्यात उभी होतीस, कासोटा खोचलेला, कमरेला टोपली. मी म्हटलं, "मीच पाहिलं, सर." सरांना तू कोण ते ठाऊक नव्हतं. त्यांनी सहज तुलाही विचारलं, तुम्हाला माहीत होतं का हे? तू एकदा माझ्याकडे पाहिलंस.

"नाय हो सर. आमकां खंय कळता?"

आणि परकी होऊन पुढच्या खडकाकडे गेलीस. संध्याकाळी तिसऱ्यांचं सुकं वाढलंस, नेहमीसारखंच. मला लाज वाटली, तरी दोनदा मागून घेतलं.

आता मीच बार्नॅकलचा तो धडा शिकवते. हा कागद त्या जुन्या तक्त्याच्या गुंडाळीत ठेवणार आहे. काल वर्गात एका मुलीने विचारलं, तुम्हाला हे पहिल्यांदा कोणी दाखवलं? मी म्हटलं, केरीच्या एका बाईने. 'माझ्या आईने' असं म्हटलं असतं, तर पुढचं, सरांसमोरचंही सांगावं लागलं असतं.