हळदीचं फडकं

कोल्हार,
ता. १० डिसेंबर १९४६

प्रिय रेबेका,

प्रभूच्या नावात सलाम. इकडे सगळं ठीक आहे. थंडीनं तुझ्या आईचा गुडघा धरलाय, तरी रविवारच्या उपासनेला देवळात चालतच येते. तुमच्या काष्टीला थंडी कशी आहे?

रविवारची शाळा चालू आहे. पेल्याखाली मेणबत्ती विझली की पोरं अजून तशीच तोंडं उघडी टाकून बघतात. फक्त आधी घरी करून बघणारं कोणी नाही. तू शनिवारी चुलीपाशी सगळं दोनदा करून बघायचीस आणि म्हणायचीस, "आबा, हे फसणार हं." आता मी तसाच जातो आणि फसतो.

गेल्या महिन्यात पापक्षमेचा धडा होता. पांढऱ्या फडक्याला हळद लावली, वर चुन्याची निवळी ओतली. लालभडक झालं. म्हटलं, हे आपलं पाप, आता बघा क्षमा. लिंबू पिळलं. लिंबानं कुठलाही डाग जातो, हा माझा समज. लाल गेलं, पण फडकं पिवळंच राहिलं. भीमाची छबू, सात वर्षांची, पुढं येऊन म्हणाली, "मास्तर, पांढरं कुटं झालं? डाग हायेच की."

चाळीस वर्षं शिकवतोय, आणि पोरीपुढं फडकं धरून उभा. प्रार्थना करून सुट्टी दिली.

त्या पिवळ्या रंगाकडं बघून काय आठवलं, ते तुला वेगळं सांगायला नको. तू हिंदू रीतीनं लग्न केलंस आणि तिसऱ्या दिवशी हळदीच्या लुगड्यात दारात आलीस. मी म्हणालो, "ती हळद धुऊन ये, मग आत पाऊल टाक." आणि कडी लावली. आई कडी काढायला धावली, तर तिचा हात धरला. हे तुला ठाऊक नसेल. तू जाईपर्यंत मी फटीतून बघत होतो, हेही ठाऊक नसेल.

आपली धुणंवाली राहीबाई, तिनं ते फडकं दगडावर खूप घासलं. शेवटी म्हणाली, "घासून न्हाई जायाची हळद, मास्तर. उन्हात टाका अन् इसरून जा." दोरीवर टाकलं. दोन आठवड्यांत पांढरं झालं. मी काहीच केलं नाही, फक्त ते आत नेलं नाही. इतकं सोपं होतं, आणि मी तीन वर्षं घालवली.

तू आईला लिहितेस ती पत्रं ती पिठाच्या डब्यामागं ठेवते. मी ती सगळी वाचतो. तुझी छोटी आता चालते म्हणे. तिचे पाय कसे पडतात, ते मला बघायचंय. फार बघायचंय, रेबी. फडकं सोबत पाठवतोय, तिला लाळेरं शिव.

नाताळच्या आधीच्या रविवारी तोच धडा पुन्हा घेणार आहे. शनिवारी घरी करून बघायला तू हवीस. तिघंही या. नगरला मोटार बदलावी लागेल, मी फाट्यावर उभा असेन. लुगडं कुठलंही नेस. हळदीचं असलं तरी चालेल.

माझे जावई कानिफनाथ यांना माझा सलाम सांग. 'जावई' हा शब्द पहिल्यांदाच लिहितोय, अक्षर वाकडं आलं असेल.

वाटेकडं डोळे लावून बसलेला,
तुझा आबा