एका शब्दाचे एकशे बारा अर्थ

९ फेब्रुवारी, रविवार

वही, माफ कर. तुला एक जानेवारीला उघडायचं ठरलं होतं. उशीर माझ्यामुळे झालेला नाही. आधी पेन मिळेना, मग चष्म्याची दांडी तुटली, मग हिने तुला सामानाच्या यादीसाठी पळवलं. साबण, मीठ, काडेपेट्या. ती पानं फाडली आहेत.

संकल्प: अठ्ठावीस मार्चला धाकट्याला सत्तर पूर्ण होतात. त्या दिवशी त्याच्या हातात माझं काम पडलं पाहिजे. 'सेट' या एकाच इंग्रजी शब्दाचे शंभर अर्थ, प्रत्येकाला माझं एक वाक्य, कापडी बांधणी, पाठीवर सोनेरी अक्षरं.

कारण लिहून ठेवतो. धाकटा माझा सख्खा भाऊ. मी सातवीत शाळा सोडून बाइंडिंगच्या कारखान्यात लागलो म्हणून तो शिकला आणि कॉलेजात इंग्रजीचा प्रोफेसर झाला. अकरा वर्षांपूर्वी त्याच्या निरोपसमारंभात मला बोलायला उभं केलं. मी म्हटलं, घर झालं, पेन्शन आली, माझा भाऊ आता सेट झाला. यात चूक काय? त्याने माइक घेतला नि म्हणाला, आमच्या दादाला या शब्दाचा एकच अर्थ येतो, शंभर आहेत. सगळा हॉल हसला. शिपाईसुद्धा. मी न जेवता घरी आलो. तेव्हापासून बोलणं बंद. मी बंद केलं, त्याने नाही. हे महत्त्वाचं.

१० फेब्रुवारी

माळ्यावरून मोठा इंग्रजी कोश काढला. दोन हातांनी उचलावा लागतो. चाळीस वर्षं कोश बांधले, मास्तरलोकांनी नुसते वाचले. आतलं काय आहे ते बांधणाऱ्याइतकं कुणाला कळणार?

या शब्दाला कित्येक पानं आहेत. एवढ्या जागेत आमची अख्खी चाळ राहील.

हिशोब: रोज दहा अर्थ. वीस फेब्रुवारीला शंभर. उरलेले दिवस शिलाईला.

११ फेब्रुवारी

दोन अर्थ झाले. डोळ्यांतून पाणी. अक्षरं मुंगीएवढी छापतात, कागद वाचवायला. हलके लोक.

१४ फेब्रुवारी

चार. पद्धत सापडली. कोशातला अर्थ घ्यायचा, त्यातला एकेक शब्द शाळेच्या छोट्या इंग्रजी-मराठी कोशात बघायचा, मग जुळवायचं. कोशातले आकडे मी धरत नाही. भोंगळ पद्धत. आकडा, त्याच्या पोटात अक्षर, अक्षराच्या पोटात पुन्हा आकडा. माझे सरळ, एक ते शंभर.

ही म्हणाली, एवढा खटाटोप कशाला, फोन करा ना भावजींना. बाईमाणसाला तत्त्व कळत नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

रविवारी सकाळी दहाला वाचनालयात जातो, तसा गेलो. तिथे निवृत्त मास्तर बसलेला असतो, मला पुठ्ठेसाहेब म्हणतो. काय पुठ्ठेसाहेब, कुठवर आला ग्रंथ? म्हटलं, नऊ. तो म्हणे, अहो, शब्द सुटा पाठ करून काय होणार, वाक्यं वाचा, गोष्टी वाचा. तीस वर्षं मुलांना गोष्टीच सांगितल्या याने. म्हणून तर मुलं तशी निघाली.

नववा अर्थ: मोडलेलं हाड जागेवर बसवणे. बारावा (उद्याचा, आजच डोकावलो): कोंबडीला अंड्यांवर बसवणे. एकाच शब्दात हाड आणि कोंबडी! इंग्रजांना शब्द पुरले नाहीत, हे उघड आहे.

२१ फेब्रुवारी

काल शंभर व्हायचे होते. सत्तावीस झाले. चुकलं ते वेळापत्रक, मी नव्हे. नवा हिशोब: रोज पंधरा.

२२ फेब्रुवारी

तीन.

१ मार्च

चाळीस. गती आली आहे. आता काही अर्थ आधीच कळतात, बघावेसुद्धा लागत नाहीत. माणसात भाषा मुरते ती अशी. धाकट्याला मुरायला तीन डिग्र्या लागल्या.

हिला एक मूलभूत प्रश्न विचारला: आपण सेट झालो आहोत का? म्हणाली, तुमचं माहीत नाही, मी तर चाळीस वर्षं एकाच ओट्यापाशी सेट आहे. उत्तर लिहून घेण्याच्या लायकीचं नव्हतं. तरी लिहिलं.

९ मार्च, रविवार

मास्तर म्हणाला, दाखवा तरी वही. दाखवली नाही. चोरेल.

सत्तरावर आलो. हुशारी इतकी वाढली आहे की अवघड अर्थही आता ओळखीचे वाटतात. त्रेसष्टावा: तुटलेल्या हाडाला बसायला जागा देणे. सहासष्टावा: बसलेल्या कोंबडीखाली अंडी सरकवणे. किती बारीक भेद! हे भेद कॉलेजात शिकवत नाहीत.

१७ मार्च

एकशे बारा. शब्द अजून संपलेला नाही, पण त्याने शंभर सांगितले होते, वर बारा दिले. पुरे. तो माइक घेऊन उभा राहिला तर उरलेले मीही सांगू शकेन.

पक्की प्रत काढली, शिवली. हात थरथरतो असं ही म्हणते. टाके बघ म्हटलं. बघितले. चहा टाकायला उठली.

२० मार्च

पार्सल रजिस्टर केलं. खिडकीतला कारकून म्हणाला, आजोबा, आत काय? म्हटलं, तुला कळणार नाही. तो म्हणे, तसं चालत नाही, लिहावं लागतं. 'पुस्तक' लिहिलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं पुस्तक.

पावती पाकिटात ठेवली. दिवसभर तीनदा काढून बघितली.

२२ मार्च, शनिवार

लिहायला हात धजत नाही, तरी लिहितो.

ही दुपारी भाजी निवडत बसली होती. कच्ची वही समोर उघडी. सहज वाचून म्हणाली, अहो, हाड दोनदा बसवलंत की. म्हटलं, भेद आहे. मग म्हणाली, आणि ही कोंबडी मधल्या काळात उठलीच नाही वाटतं? म्हटलं, भेद आहे, तुला दिसत नाही. ती देठ मोडत मोडत पुढे वाचत गेली. गजर दोनदा लावलात. सूर्य दोनदा बुडवलात. हिरा कोंदणात बसवलात तोही दोनदा. शेवटी पान मिटून म्हणाली, तुम्ही जेवून घ्या.

कोश उघडला. अर्थ नाही बघितले, पानांचे आकडे बघितले. १८१६ वर शब्द सुरू. मग १८१७ ते १८२४. मग पुन्हा १८१७ ते १८२४. मग एकदम १८३३.

आठ पानांचा एक फर्मा, म्हणजे घडी घातलेला एक जुडगा, दोनदा शिवला आहे आणि पुढचा गायब. म्हणजे अर्थ अठ्ठावन्नच. चोपन्न मी दोनदा लिहिले आणि दोन्ही वेळा नवे समजलो.

असला गलथान बाइंडर मी उभ्या जन्मात पाहिला नाही. फर्मे टेबलावर ढिगांनी मांडतात, माणूस कडेने चालत प्रत्येक ढिगातला एकेक उचलतो. शेंबडं पोरही चुकत नाही. एक ढीग दोनदा उचलला आणि शेजारचा सोडला? अशाला कारखान्यात ठेवतात कसे?

आमच्याकडे ज्याने प्रत बांधली त्याने शेवटच्या कोऱ्या पानाच्या कोपऱ्यात पेन्सिलने आपला नंबर घालायचा, अशी रीत. म्हणजे चूक कुणाची ते मालकाला कळतं. उलटून पाहिलं.

सात.

माझाच नंबर.

बाद झालेली प्रत होती ती. मालकाने फेकायला सांगितली, मी घरी आणली. ती बाद का झाली, हे मी विसरलो. आता आठवलं. त्या दिवशी धाकटा पळत कारखान्यात आला होता, एम.ए.चा निकाल घेऊन. पहिला आला होता. हातातला फर्मा टाकून मी त्याला उचलला. एवढा वाढलेला घोडा, तरी उचलला. सगळे कामगार हसले. मग ढिगाशी परत गेलो, तो चुकीच्या ढिगाशी.

पान वाढून घेतलं. जेवलो.

२३ मार्च, रविवार

अंगात कणकण. वाचनालयात गेलो नाही. मास्तरचं तोंड बघायचं नव्हतं.

बरोब्बर दहाला फोन वाजला. हिने माझ्याकडे बघितलं, मग उचलला. बोला भावजी, म्हणाली.

दर रविवारी दहाला फोन येतो, मी घरात नसतो म्हणून वेळ हिनेच दिलेली. अकरा वर्षं! मी वाचनालयात जगातल्या बातम्या वाचत होतो आणि माझ्या घरातली बातमी मला नव्हती.

पुढचं तिने फोनवर हात ठेवून भराभर सांगितलं. समारंभानंतर त्याने विचारलं, दादा न जेवता का गेला? तो काय बोलला ते त्याला आठवतच नव्हतं. हिने सांगितलं, यांचा कान दुखत होता. मग मी फोनवर येईना, तेव्हा सांगितलं, ऐकू येत नाही. मग तेच चालू राहिलं. मी म्हटलं, मला बहिरा केलास? ती म्हणाली, मग काय सांगू, माझा नवरा रुसूबाई आहे म्हणून? बहिऱ्या माणसावर कुणी रागवत नाही, अहो.

कपाटातून एक डबी काढून दाखवली. दोन वर्षांपूर्वी त्याने कानाचं मशीन पाठवलंय. डबी उलटीसुलटी बघितली. कंपनी हलकी वाटते.

मग तिने फोन माझ्या हातात दिला. तिकडून तो इतक्या जोरात ओरडला की स्वयंपाकघरात भांडं हललं. दादा! ए दादा! ऐकू येतंय का रे?

आवाज म्हातारा झालाय त्याचा. कुणी सांगितलं नाही मला.

मी फोन धरून उभा होतो. एकशे बारा अर्थ पाठ होते. तोंडातून 'हो' निघेना.

तो तिकडे आपल्या बायकोला म्हणाला, नाही गं, नाहीच येत ऐकू. मग हळू म्हणाला, दादा, तू बस. उभा राहू नकोस. ते सगळं मला स्वच्छ ऐकू आलं. हिने फोन काढून घेतला.

२९ मार्च

काल अठ्ठावीस. पार्सल पोचलं असणार. निरोप नाही. हिला म्हटलं, तू विचार. म्हणाली, माझं बोलून झालं अकरा वर्षं, आता तुम्ही. वेळेवर ऐकेल तर ती बायको कसली.

पत्राचा मसुदा:

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद. पत्रास उशीर झाला, माफ कर. पेन मिळत नव्हतं.

वही मिळाली असेल. त्यात चोपन्न अर्थ दोनदा आले आहेत, ते तुझी परीक्षा घ्यावी म्हणून मुद्दाम

(हे खोडलं.)

ते छापखान्याच्या चुकीने

(हेही खोडलं.)

एक फर्मा दोनदा उचलला गेला. मीच उचलला. तू निकाल घेऊन आलास तो दिवस होता. अर्थ अठ्ठावन्नच आहेत. वाचून हसलास तरी चालेल. पण माइक घेऊ नकोस.

शिलाई मात्र बघ. ती चांगली आहे.

पुढच्या रविवारी मी वाचनालयात जाणार नाही. दहाला घरीच असेन, फोनजवळ. वही पोचली का, एवढं तरी लवकर कळव. उशीर करू नकोस, आपण दोघंही आता उशीर करण्याच्या वयाचे नाही. आणि फोनवर ओरडू नकोस. मला ऐकू येतं.