अण्णांच्या बसची अडकलेली संध्याकाळ

३ फेब्रु., मंगळ.
अण्णा आज परत घाट चढले. ओरखडा नाही. उभा जन्म बार्शी-सोलापूर एसटी चालवली, आता माझ्या लॅपटॉपला जोडलेलं स्टीअरिंग कापऱ्या हातांनी धरतात आणि बसच्या गेममध्ये कुठल्याशा निळ्या डोंगरात हरवून जातात. "हात अजून गेलं न्हाईत, बघ पोरी."
मी चहा ओतत राहिले. गेम चालू असताना गाडीच्या नुकसानीचा आकडा मेमरीत जिथे बसतो, ती जागा मी शोधलीय. माझा छोटा प्रोग्राम तो शून्यावर धरून ठेवतो. अण्णांना पत्ता नाही. आणि कॉलेजात मी पोरांना कॉपी करू नका म्हणून सांगते!

५ फेब्रु.
अपडेट आला मेला. आकड्यांच्या जागा हलल्या, प्रोग्राम जुन्याच जागी पहारा देत बसला. बस तिसऱ्या वळणावर कठड्याला, खेळ खलास. तीनदा. अण्णांनी हात मांडीखाली घेतले. "गेलं की गं हात." जेवले नाहीत. मी खरं सांगायला भ्याले.

७, शनि.
धडकेनंतर वाढतो तो आकडा शोधायचा. सापडला, घाईत होता तिथेच बांधला. गाडी उभी असताना वाढतो का, ते बघायचंच राहिलं. तो निघाला गेमच्या घड्याळाचा.
सूर्य डोंगरावर टेकला तो टेकलाच. वेळापत्रक थांबलं. अण्णा बैलगाडीच्या वेगाने निघाले. सगळी दुपार खोलीभर तो केशरी उजेड, दरीत धुकं, अण्णा मधेच गाडी थांबवून नुसते बघतायत. कठड्याला एकदाही लागली नाही. "मावळंना की ह्यो! लई ब्येस." मलाही वाटलं, राहू दे असंच.

१०, मंगळ.
सांगून टाकलं सगळं. अण्णांनी स्टीअरिंग बाजूला सारलं. मग, "म्हंजे तवा मी चालवतच नव्हतो." मला फार लाज वाटली.
"आन् शनिवारची फेरी?"
"ती तुमचीच, अण्णा. नुसता सूर्य अडकला होता."
अण्णांनी मान हलवली. राग गेला की नाही, कळेना.

११, बुध.
परत अपडेट. सूर्य सुटला. विचारलं, बांधू का त्याला परत?
"नगं. मावळू दे. लाइट लावून बघू, कुटवर जातंय."
स्टीअरिंगवर हात लटलट कापतायत. मी प्रोग्राम उघडलेला नाही. घाटात अंधारून आलंय, दुसरं वळण गेलं, आता ते तिसरं…