मावशीला झेपेल असं पुस्तक

अमडापूर

प्रिय चंदू,

दुपारी फोन करावा तर तू मीटिंगमध्ये, संध्याकाळी करावा तर तुझी आई माझ्या शेजारी बसलेली. म्हणून लिहायला बसलो. तुझं राज्यशास्त्राचं नवं पुस्तक मिळालं. रागावू नकोस, पण दोन पानांत मी गारद झालो. तुझ्या आईनं मात्र मागच्या पानावरचा तुझा फोटो अख्ख्या वॉर्डात दाखवून आणला.

मागच्या उन्हाळ्यात तुझी आई, म्हणजे आमची मावशी, विहारातल्या आपल्या वाचनालयात आली आणि म्हणाली, "दीपक, माहा चंदू पुण्याले पोरायले काय शिकवते, थे मले समजून घ्याचं आहे. पयल्यापासून सांगनारं एखांदं पुस्तक दे बापा." साक्षरतेच्या वर्गात अक्षरं लावायला शिकलेली बाई, आणि मागणी ही! मला हसू आलं, आणि खूप बरंही वाटलं.

कपाटं पालथी घातली. जाडजूड ग्रंथ, नाहीतर भाषणांचे संग्रह. राजे जाऊन मतं कशी आली, सरकार कुणाचं असतं, हे साध्या बोलण्यात सांगणारं काही मिळेना. खामगावच्या दुकानदाराला 'अगदी नवख्या माणसासाठी' म्हटलं, तर त्यानं स्पर्धा परीक्षेचं गाईड हातात ठेवलं. दुसरं नव्हतंच, तेच आणलं. मावशीनं ते चक्क पाठ करायला घेतलं! धुणं धुताना समाजवादाची वैशिष्ट्यं म्हणायची. एकदा चौथं आठवेना, तर घाबरून माझ्याकडे आली. तिला वाटलं, तू सुट्टीत आल्यावर विचारशील. तिच्यासमोर हसलो, पण घरी जाऊन फार वाईट वाटलं रे.

शेवटी आमच्या लेकीनं, अनुपमानं, तिच्या शाळेतून मुलांसाठीचं एक पातळ पुस्तक आणलं. मोठी अक्षरं, चित्रं. बायकांना मताचा हक्क कसा मिळाला, तिथपर्यंत मावशी ओळीवर बोट ठेवत पोचली आणि एकदम म्हणाली, "चंदू हे शिकवते? हे तं मले समजते!" इतकी खूश मी तिला कधी पाहिली नव्हती. तुला लगेच फोन लाव म्हणाली, मग स्वतःच थांबली. पुरं झाल्यावर सांगू म्हणे.

पुरं होणार नाही, चंदू. साखरेनं तिच्या डोळ्यांचा पडदा खराब केलाय. गेलेली नजर परत येणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तुला कळवायचं नाही म्हणून तिनं मला शपथ घातली आहे, ती मी मोडतोय. ते पुस्तक वर्षभर आधी हाती लागलं असतं तर, हे माझ्या मनातून जात नाही. परवा उरलेलं वाचून दाखवायला बसलो, तर तिनं माझ्या हातातून पुस्तक काढून घेतलं. "तू नोको वाचू. चंदू वाचीन." तू ये. अगदी जवळ बसलं तर माणसाचा चेहरा तिला अजून दिसतो. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत थांबू नकोस.

तुझाच,
दीपक