थंडी नव्हे, गार

प्रिय आई,

पत्र बघून घाबरू नकोस, तब्येत ठणठणीत आहे. जरा निवांत सांगावंसं वाटलं, एवढंच.

हॉस्पिटलात जपानी पेशंट आला की दुभाषी म्हणून मला बोलावतात. पेशंट जपानीत सांगतो, मी नर्सला इंग्रजीत. गेल्या आठवड्यात एक आजोबा आले, जहाजांची इंजिनं दुरुस्त करण्यात जन्म गेलेले. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, सोबतीला कोणी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बघताच म्हणाले, "त्सुमेताई." मी नर्सला 'कोल्ड' असं सांगून मोकळी झाले. तिने लगबगीने ब्लँकेट आणलं, हीटर वाढवला. आजोबांनी ब्लँकेट ढकललं आणि तोच शब्द पुन्हा म्हणाले, जरा चिडूनच.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. अंगाला थंडी वाजली की जपानी माणूस 'सामुई' म्हणतो. हाताला काही गार लागलं, तर ते 'त्सुमेताई'. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. आता तूच सांग, फ्रीजमधल्या दुधाला थंडी वाजतेय असं आपण म्हणू का? मी विचारलं, गार काय लागतंय? त्यांनी डाव्या पायाकडे बोट दाखवलं. त्यांना विचारून मी पावलाला हात लावला. फरशीसारखं गार. उजवं चांगलं ऊबदार होतं. मी नर्सला म्हटलं, "यांना थंडी वाजत नाहीये. एकच पाय गार पडलाय." तिने पावलावर नाडी शोधली, सापडेना, तशी ती धावतच डॉक्टरांना घेऊन आली. रक्ताची गुठळी अडकली होती. आजोबांना लगेच आत नेलं. पाय वाचला, आई.

त्या दिवशी सगळ्यांनी माझी पाठ थोपटली. घरी आले, दार उघडलं, आणि चपला काढता काढता सांगायला म्हणून तोंड उघडलं ते तसंच मिटलं. मग वाटीभर तांदळाचा भात लावला आणि ओट्याशी उभ्यानेच खाल्ला.

दुसऱ्या दिवशी काम नव्हतं, तरी आजोबांना भेटायला गेले. बोलता बोलता त्यांनी विचारलं, घरी कोण कोण असतं? मी म्हणाले, "कोणी नाही." परक्या भाषेत ते किती सहज निघून गेलं! त्यांनी ना हळहळ केली, ना पुढे काही विचारलं. खुर्ची जवळ ओढायला सांगितली. मग आम्ही खिडकीबाहेर बघत बसलो, बराच वेळ.

आई, तुझा लाडका जावई पाच महिन्यांपूर्वी दुसरीकडे राहायला गेला. भांडण नाही, आदळआपट नाही. त्याचं मन दुसरीकडे लागलंय, तो आता परत येणार नाही. दर रविवारी तू त्याला फोन द्यायला सांगतेस आणि तो बाहेर गेलाय असं मी म्हणते. तसं बघितलं तर ते खरंच आहे. फोनवर तुझा आवाज ऐकला की पुढचं तोंडातून फुटत नाही, म्हणून लिहितेय. बाबांना तूच सांग, हळूच, त्यांचं जेवण झाल्यावर. आणि जमलं तर निघून ये. मला सल्ला नकोय, समजूतही नकोय. संध्याकाळी दार उघडल्यावर घरात कोणीतरी असावं, बस.

तुझीच,
बडबडी